घरात राहिलेला कापूस

बातमी त्याला न्हाव्याच्या खुर्चीत कळली, आणि त्या वेळी वस्तरा नेमका हनुवटीखाली होता. कोपऱ्यातल्या फळीवरचा रेडिओ कोणी ऐको न ऐको आपला बोलत होता. हवामान झालं, कुठल्याशा पुलाचं काम रखडल्याचं झालं, आणि मग त्याच एकसुरी आवाजात तो म्हणाला, की बाहेरच्या देशांतून येणाऱ्या कापसावरची जकात सरकारने आजपासून पूर्ण उठवली आहे. तो हलला. फार नाही, डुलकी लागलेला माणूस दचकतो तेवढाच. पण तेवढं पुरलं. "अहो, हलता काय असे!" न्हावी ओरडला. "गळा आहे तो, भोपळा नव्हे!" मग आपणच घाबरून त्याने डब्यातला कापसाचा बोळा काढला आणि जखमेवर दाबून धरला. रक्त थोडंसंच होतं, पण थांबेना. "धरा जरा," म्हणून न्हाव्याने बोळा त्याच्याच हातात दिला, आणि तो हात, त्याला न विचारता, बोळ्याची कड चिमटीत घेऊन ओढून पाहू लागला. आखूड. मेलेला कापूस, कुठल्यातरी यंत्राच्या तळाला साठलेला. आरशात त्याने स्वतःला हे करताना पाहिलं आणि त्याला स्वतःचा कंटाळा आला. अर्धा चेहरा साबणाने भरलेला, गळ्यातून रक्त येतंय, आणि साहेब बोळ्याची प्रत ठरवतायत. आयुष्यभर दुसरं केलं काय म्हणा! सूतगिरणीत सगळे त्याला पारखी म्हणत. आलेल्या कापसातली चिमूट घ्यायची, दोन अंगठ्यांच्या पेरांत धरून ओढायची, तुटलेले भाग एकावर एक ठेवून पुन्हा ओढायची. असं करत करत तंतू सरळ एका ओळीत आले, की लांबी, ताकद, प्रत सगळं सांगून टाकायचं आणि पुढच्या चिमटीकडे वळायचं. हेच त्याचं काम, याच कामावर बायको केली, मुलगी उजवली, दोन खोल्यांचं घर उभं केलं. "काही वाईट बातमी होती का हो?" न्हाव्याने विचारलं. "छे," तो म्हणाला, "आमच्या गिरणीच्या दृष्टीने चांगलीच." आणि हे खरंच होतं, म्हणून तर आणखी जड गेलं.

रस्त्यावर येताच त्याला गावाकडे शेती बघणारा थोरला भाऊ आठवला. दादाला त्याने सांगितलं होतं, थांब. शेतातली वेचणी चालू होती तेव्हा दादाचा फोन आला होता. दादा फोनवर नेहमी ओरडूनच बोलतो, मधलं सगळं अंतर आपल्या आवाजानेच कापायचं असल्यासारखा. "धाकट्या, व्यापारी दारात आलाय. देऊ का?" आणि तो, गिरणीतल्या आपल्या खोलीच्या उत्तरेच्या खिडकीपाशी उभा राहून, चहाचा कप हातात घेऊन, ऐटीत म्हणाला होता, "अजिबात देऊ नकोस. गिरण्यांच्या गोदामांत उंदीर खेळतायत. महिना-दोन महिने थांब, झक मारत येतील." दादाने पुढे एक शब्द विचारला नाही. व्यापाऱ्याला त्याने दारातून परत पाठवलं आणि वर सुनावलं म्हणे, "माझा भाऊ गिरणीत आहे." हे त्याला नंतर वहिनीने हसत हसत सांगितलं होतं, आणि त्या वेळी त्याला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला, छाती जरा फुगलीच होती. तो काही चुकीचं बोलला नव्हता. बाहेरचा कापूस जकातीमुळे महाग, घरचा अपुरा, म्हणजे भाव चढणारच. शेंबड्या पोरालाही कळेल असा हिशेब. फक्त त्या हिशेबात जकात कायमची धरली होती. ती उठली, की बाहेरच्या गाठी स्वस्तात दारात येणार, गिरण्या त्याच घेणार, आणि दादाच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेल्या कापसाकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही.

आणि तो वर केलेला हात. ते त्याला चालता चालता आठवलं, आणि तो पुढे चालायचाच थांबला. मागून येणारी बाई त्याला चुकवून काहीतरी पुटपुटत गेली. दादाला थांबवलं त्याच आठवड्यात गिरणीच्या उपाहारगृहात सभा झाली होती. मोठे साहेब टेबलावर चढून बोलले होते, की आपलं सूत जगात महाग पडतंय, कारण आपला कापूस महाग पडतोय; जकात उठली नाही तर उरलेली यंत्रंही बंद करावी लागतील, मग तुम्ही तुमच्या घरी आणि मी माझ्या. सगळ्यांच्या वतीने वर मागणी करू या का? कोणाकोणाला मान्य आहे, हात वर करा. सगळ्यांनी केले. त्यानेही केला. शेजारी त्याचा मेहुणा उभा होता, बायकोचा धाकटा भाऊ; कातणीच्या यंत्रावरचा माणूस, ज्याचं यंत्र बंद पडून कितीतरी दिवस झाले होते आणि जो तेव्हापासून बहिणीच्या घरी पुढच्या खोलीत बसून भिंतीकडे बघत होता. मेहुण्याने दोन्ही हात वर केले होते. त्याच्या शेजारी उभं राहून आपला एक हात खाली ठेवायचा कसा? आणि खरं सांगायचं तर त्याला वाटलं होतं, उपाहारगृहात हात वर केल्याने का कुठे सरकार हलतं! टेबलांवर अजून भाताची शितं होती, कोपऱ्यात कोणी ताटं आपटत होतं. तिथला हात वर काय आणि खाली काय. म्हणून त्याने एका आठवड्यात दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही मनापासून केल्या. आणि आजच्या सकाळपर्यंत त्या एकमेकींच्या आड कधी आल्या नव्हत्या.

खिशात फोन वाजला. दादा. तो फोन हातात धरून उभा राहिला. पलीकडे दादा कसा उभा असेल ते त्याला दिसत होतं: फोन कानापासून जरा लांब, कपाळाला आठ्या, आणि 'उचलला का, उचलला का' असं वहिनी मागून विचारतेय. काय सांगायचं? सरकारने फसवलं? बाजार फिरला? फोन वाजून वाजून थांबला, आणि त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. गिरणीत पोचलो की करू, तो स्वतःशी म्हणाला. फोन पुन्हा वाजला तेव्हा त्याने बघितलं, तर बायको होती. "अहो, ऐकलंत का?" तिचा आवाज कितीतरी दिवसांत असा ऐकला नव्हता. "याला बोलावणं आलंय! यंत्रं चालू करणार म्हणे, आजच या म्हणाले. दाढीसुद्धा न करता पळाला. येताना काहीतरी गोड आणा हं." मग ती एकदम थांबली. तिला काहीतरी सुचलं की ती अशीच थांबते. "आणि मोठ्या भाऊजींचं हो? त्यांचा कापूस घरातच आहे ना अजून?" "आहे," तो म्हणाला. "मग?" "बघू." "बघू काय बघू? तुम्हीच थांबवलंत ना त्यांना?" तिने हे टोचून नव्हतं म्हटलं, तिला नुसतंच खरं हवं होतं, आणि तेच त्याला नको होतं. "गाडीचा आवाज येतोय, ठेवतो," तो म्हणाला. रस्त्यावर गाडीबिडी काही नव्हती.

गिरणीच्या दारात लग्नघर असावं तशी माणसं होती. बोलावणं आलेले सगळे स्वच्छ सदरे घालून आलेले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, आणि मेहुणा त्यांच्यात सगळ्यांत मोठ्याने हसत होता. त्याला बघून मेहुण्याने लांबूनच हात केला. हा मुलगा असा हसतो हे तो विसरूनच गेला होता. बायको म्हणायची, याला एकदा कामावर जाऊ दे, मग बघा. आज बघत होता. त्याला आनंद झाला, अगदी खराखुरा झाला, आणि तो पुरता होण्याच्या आत गळ्याखाली चुरचुरलं; बोळा अजून तिथेच चिकटलेला होता. काढायला गेला तर पुन्हा रक्त यायचं, म्हणून राहू दिला.

त्याची खोली गोदामाच्या टोकाला, उत्तरेला तोंड करून. उत्तरेचा उजेड सबंध दिवस सारखा असतो, कापसाला खोटा रंग देत नाही, म्हणून असल्या खोल्या उत्तरेलाच बांधतात. लांब टेबल, भिंतीला मापाची पट्टी, जमिनीवर सदा उडणारी पांढरी लव. कोपऱ्यात आता एक तपासणीचं यंत्रही आलं होतं, जे त्याचंच म्हणणं आकड्यांत छापून द्यायचं. दोघांचं बरं जमत असे. टेबलावर आज बाहेरच्या गाठीचा नमुना मांडून ठेवला होता. साहेबांनी जकात उठायच्या आधीच बोलणी करून ठेवलेली दिसत होती. त्याने चिमूट घेतली आणि ओढली. आणि हात खूश झाला. याला दुसरा शब्द नाही. पेरांखालून तंतू एकसारखे, थंड, न कुरकुरता सुटून आले, ना कचरा, ना काडी, ना गुंता. सगळे एका लांबीचे, धुतल्यासारखे पांढरे. कुठल्यातरी लांबच्या सपाट मुलखात यंत्रांनी वेचलेला, माणसाचा हात न लागलेला कापूस. त्याने पुन्हा ओढला. गरज नव्हती, नुसता आवडला म्हणून ओढला. मग एकदम त्याने तो खाली ठेवला, परक्याच्या घरात काही उचलून बघताना मागून कोणी यावं तसा.

हे हात त्याचे होते ते दादामुळे. लहानपणी वडील दोघांनाही ओसरीत बसवून कापूस ओढायला लावत. दादा शाळा सोडून औताला लागला होता. त्याच्या बोटांना भेगा पडलेल्या, आणि त्या भेगांत तंतू अडकून राहायचे. तो ओढायचा तेव्हा कापूस सरळ यायचाच नाही, बोटांनाच चिकटून बसायचा, आणि दादा आपल्या हाताकडे बघून हसायचा. "माझ्या हाताला सोडवतच नाही बघा," म्हणायचा. धाकट्याची बोटं शाळेतली, मऊ. त्याच्या चिमटीतून तंतू सुळकन ओळीत यायचे. वडील म्हणाले, हा शेतात नको, याला गिरणीत जाऊ दे. बोटं खराब होतील म्हणून घरात कोणी त्याला खुरपंसुद्धा धरू देत नसे. दादा त्याच्या वाटचं खुरपायचा. याबद्दल दादा आयुष्यात कधी एका अक्षराने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं त्याला अलीकडे वाटे. भांडता तरी आलं असतं. आणि कापूस घरात आला की आई केसांना पांढरं फडकं घट्ट बांधायची, रंगीत कपडे आतल्या खोलीत टाकायची, मुलांना ओरडायची, केस पडू देऊ नका, दोरा पडू देऊ नका, पुढे त्याचं सूत व्हायचंय. दोघे भाऊ त्या ढिगात पडून राहायचे. अंगाला खाज सुटायची. वरून चुलीचा धूर यायचा आणि कापसात बसायचा.

"काय पारखी, आवडली का पाहुणी?" म्हणत मास्तर आत आले, कातणी खातं सांभाळणारे, सुटलेल्या पोटाचे, सदा थट्टेच्या तयारीत असलेले. त्यांच्या मागून साहेब. साहेब आज दहा वर्षांनी लहान दिसत होते. "चांगला आहे," तो म्हणाला. "चांगला? अरे, लोणी आहे लोणी!" मास्तर म्हणाले. साहेबांनी खिडकीशी ठेवलेल्या पुड्यांकडे बोट केलं. गिरणीच्या मागच्या अंगाला सरकी काढायचं जुनं खातं होतं, त्यामुळे आसपासचे शेतकरी सरकीसकट कापूसही दारावर आणून दाखवत. "बातमी फुटल्यापासून रांग लागलीय दारावर. सगळ्यांना आजच विकायचाय," साहेब म्हणाले. "एवढे बघून टाका. अगदीच उत्तम असेल तो घेऊ, थोडा मिसळायला. नाहीतर सरळ नको म्हणा, लोकांना ताटकळत ठेवू नका." पुड्या तपकिरी कागदाच्या, वर नुसता क्रमांक. पहारेकऱ्याने दारातच बांधायच्या आणि मालकाचं नाव आत येऊ द्यायचं नाही, हा त्याचाच नियम. पूर्वी दलाल नमुन्याबरोबर निरोप पाठवत, हा अमक्यांचा, हा तमक्यांचा, जरा बघून घ्या. तेव्हा त्यानेच साहेबांना सांगितलं होतं, नाव कळलं की हात खोटं बोलतो. साहेबांना ते वाक्य इतकं आवडलं होतं, की गिरणी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवत.

तो पुड्या सोडत गेला. हा ओला. हा कच्चाच वेचलेला. हा बरा, पण बरा कोणाला हवा आहे आज! मन फोनकडे होतं; पोचलो की करू म्हणाला होता आणि केला नव्हता. जेवायच्या सुट्टीत करू. काय सांगायचं ते एकदा ठरवू आणि करू. असं घोकत त्याने पुढची पुडी उघडली आणि सरकीवरचे तंतू चिमटीत धरून ओढले. मूळचा कापूस उत्तम होता. लांब, दमदार, मायेने वाढवलेला. पण रंग गेला होता. उत्तरेच्या उजेडात तो जुन्या कागदासारखा पिवळा दिसत होता. त्याने नाकाशी नेला. धूर. आणि धुराच्या खाली आणखी काहीतरी, ज्याने त्याच्या आत कुठेतरी एकदम भूक लागल्यासारखं झालं, रडू येण्याआधी होतं तसं. सकाळपासून पोटात काही नाही, त्याचं हे, असं म्हणून त्याने ते बाजूला सारलं. मग त्याच्या बोटांना एक केस लागला. लांब, अर्धा पिकलेला, बाईचा. तो त्याने ओढून काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "बघू," मास्तर वाकले आणि खो-खो हसले. "कोणाची तरी म्हातारी झोपलेली दिसते यात!" साहेबही हसले. आज सगळेच हसायला टेकले होते. आणि तोही हसला. नुसता हसला नाही, चार लोक हसताना आपणही काहीतरी बोलावं, म्हणून म्हणाला, "पाहुण्यासारखा घरात राहिलाय हा कापूस. भाव येईल, भाव येईल म्हणून मुक्काम ठोकला, आणि आता कोणी नेईना. गादीवाल्याला द्या म्हणावं. सुताच्या कामाचा नाही." "फुकट दिला तर?" मास्तरांनी विचारलं. "फुकटसुद्धा नको. केस निवडायला माणूस कोण देणार?" दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने पुडी उचलली आणि त्याचं बोलणं जसंच्या तसं दारावर सांगायला निघून गेला.

पुढच्या पुडीकडे हात गेला, पण ती त्याने उघडली नाही. कट्ट्यावरचा केस वाऱ्याने हलला. जकात उठली म्हणून भाव पडला, हे तर खरंच. पण हा कापूस वेचला त्या आठवड्यात आला असता तर डोळे मिटून घेतला असता, इतका चांगला होता. कोणीतरी त्याला थांबवलं होतं. ते कोणीतरी म्हणजे कोण, हा विचार त्याच्या मनात आलाच नाही असं नाही. आला, दारात उभा राहिला, आणि त्याने त्याला आत घेतलं नाही. जगात काय एकाच घरात कापूस थांबला असेल? घरोघरी थांबला असेल. चुली घरोघरी असतात, आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या बायकाही. "जरा चहा घेऊन येतो," असं म्हणून तो उठला. चहा तर खोलीतच येत असे.

दारावरची गर्दी आता आत गेली होती. लांब भिंतीच्या सावलीत, पहारेकऱ्याच्या बाकावर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन दादा बसला होता. धुतलेला सदरा, त्यावर कापसाची लव. शेजारी तपकिरी कागद, नीट घडी केलेला. वाया कशाला घालवा म्हणून ठेवून घेतलेला. धाकट्याला बघून तो उठलाच. "अरे, आलास होय! म्हटलं, तुला कळवू की नको. सकाळी गाडीतून फोन केला होता, तू कामात असशील." मग त्याचं लक्ष गळ्याकडे गेलं. "हे काय लावून घेतलंस?" "न्हाव्याने कापलं." "असल्या न्हाव्याकडे कशाला जातोस? बघू." दादाने बोळा हळूच सुटा केला, फार हळू, आणि तरी त्याचे तंतू दादाच्या बोटांच्या भेगांत अडकले. तो हात झटकत राहिला, तंतू सुटेनात. "अजून तसंच बघ," तो हसून म्हणाला.

"पहाटेच ऐकलं रेडिओवर," दादा पुन्हा बसत म्हणाला. "तुझी वहिनी म्हणाली, आजच जा, आजच दाखवून या. तिचीही गंमतच झालीय. घरात जागाच राहिली नाही, महिनाभर त्या कापसावरच झोपतेय. खोकते रात्रभर, पण उंदीर येऊ देत नाही." त्याने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "इथे दाखवला मी नमुना. तुझं नाव नाही सांगितलं हं कोणाला. भावाचा म्हणून घेतला, असं उद्या कोणी म्हणायला नको. आणि म्हटलं," इथे तो जरा लाजला, "म्हटलं, तुझ्या हातात गेला तर तू ओळखशीलच." आत यंत्रं सुरू झाली होती; कितीतरी दिवसांनी जमिनीतून ती घरघर पायांना लागत होती. "पण नाही घेतला," दादा म्हणाला. "आतला माणूस म्हणाला म्हणे, पाहुण्यासारखा घरात राहिलाय, गादीवाल्याला द्या. आणि बाईचा केस निघाला त्यात. आता काय सांगू तुला! मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पण माणूस हुशार आहे हं. घरात ठेवला होता हे नुसत्या हाताने ओळखायचं म्हणजे... कोण आहे रे तो? नवीन आलाय का कोणी? तू आज उशिरा आलेला दिसतोस, तेवढ्यात त्याच्याकडे गेला असेल. तुझ्या हातात यायला हवा होता."

वाट मोकळी होती. 'हो, नवीन आहे एक' एवढंच म्हणायचं होतं. दादा दोन शिव्या घालून, चहा पिऊन परत गेला असता. घरी जाऊन वहिनीला म्हणाला असता, धाकट्याच्या हातात पडला असता तर घेतला असता, नशीब आपलं. आणि पुढची सगळी वर्षं दोघांनी ते खरं धरलं असतं. त्याला इतका थकवा आला होता, की ते खोटं जवळच्या खाटेसारखं वाटलं, जाऊन पडायचं फक्त. यापुढे फोन आला की उचलता आला असता. मेहुणा आत यंत्रावर उभा आहे, घरी बायको वाट बघतेय, कोणाचं काय बिघडणार होतं? दादाच्या बोटांत अजून तो रक्ताळलेला बोळा होता, आणि दादा त्याच्याकडे विश्वासाने बघत होता, लहानपणी ओसरीत वडिलांसमोर बघायचा तसा, आता हा सांगेल, याला कळतं.

"दादा," तो म्हणाला, "आत दुसरं कोणी नाही. मी एकटाच आहे."

दादाला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याने मान खाली घालून पिशवीकडे बघितलं, तिच्यावरून एकदा हात फिरवला, आणि त्या खडबडीत हाताला कापड खरखरलं. रागावेल, असं धाकट्याला वाटलं; रागाव, असं तो मनात म्हणालाही. तूच थांबवलंस आणि तूच हाकललंस, असं म्हण. वहिनीच्या केसावर हसलास, म्हण. त्याची मान आपोआप ताठ झाली, चपराक घ्यायला होते तशी. मग दादाने वर बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक विचित्र, दमलेला हलकेपणा होता, शंका फिटल्यासारखा.

"तू बघितलास होय," तो म्हणाला. "मग बरोबरच असेल."

त्याने तपकिरी कागदाची घडी पिशवीत सारली आणि गुडघ्यावर हात देऊन उठला. "मग आता तो गादीवाला कुठे बसतो, तेवढं सांग."